मरत नाहीत, पण पिल्लंही होत नाहीत: कारखान्यांची रसायनं आणि प्राण्यांची वीण

सागरिका

२०१६ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या टायरी बेटावर एक ओर्का (किलर व्हेल) मादी मरून किनाऱ्याला लागली. तिचं नाव लुलू. अभ्यासक तिला आधीपासून ओळखत होते. ती मेली शेवंडं-खेकडे धरायच्या सापळ्यांच्या दोरात अडकून. पण शवविच्छेदनात जे निघालं ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. तिच्या कातडीखालच्या चरबीत पीसीबी या औद्योगिक रसायनाचं प्रमाण किलोमागे ९५७ मिलिग्रॅम होतं. सागरी सस्तन प्राण्यांना ९ मिलिग्रॅमपासूनच त्रास सुरू होतो असं धरतात. लुलूचं वय किमान २० वर्षं. या वयापर्यंत ओर्का मादी आई झालेली असते. हिच्या बीजाशयांवर ती एकदाही गाभण राहिल्याची खूण नव्हती.

विष म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेलेलं जनावर येतं. नदीत काहीतरी सोडलं, मासे उताणे तरंगले, लोक धावले. इथे तसं काहीच नाही. प्राणी धडधाकट आहे, शिकार करतोय, कळपात राहतोय. फक्त पिल्लू होत नाही. मग हे घडतंय हे कळणार कसं? रसायन शरीरात जाऊन नेमकं काय बिघडवतं? आणि ते वापरायचं थांबवलं तर वीण पुन्हा सुरू होते का?

जाणकारांनी लिहावं. ज्यांनी स्वतः काही पाहिलंय त्यांनी तर नक्कीच.

पानगळ

कुठे ९ आणि कुठे ९५७. वाचतेय.

पशुवैद्यकाका

सागरिकाताई, हा प्रश्न मला तीस वर्षं आधी कोणीतरी विचारायला हवा होता.

कळपातली जनावरं गाभ धरेनात की आम्ही ठरलेल्या वाटेने जायचो. चारा बघायचा, जंतुसंसर्ग बघायचा, माज वेळेवर ओळखला जातोय का ते बघायचं. जनावरं पितात त्या पाण्यात काय मिसळतं हे विचारायला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. एक कळप अजून माझ्या डोक्यातून जात नाही. जनावरं अंगाने भरलेली, सगळ्या तपासण्या स्वच्छ, आणि तरी एकेक जनावर तीन-तीन, चार-चार वेळा उलटायचं, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर यायचं. वरच्या अंगाला एका कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात यायचं. मी ते पाणी तपासायला पाठवलं नाही. दोष त्या पाण्याचाच होता असं मी म्हणत नाही. पण तेव्हा पाठवलं नाही म्हणून आज मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. ती टोचणी आहे.

पीसीबीचं म्हणाल तर त्याचा वीणीवरचा परिणाम पहिल्यांदा नजरेत भरला तो मिंकच्या फार्मांवर. कातडीसाठी पाळतात तो मुंगसासारखा लांबुडका प्राणी. १९६० च्या दशकात अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या परिसरात या मिंकांना मिशिगन सरोवरातला सॅमन मासा खायला घालत. माद्या अंगाने ठीक दिसायच्या, पण पिल्लं होईनात. झाली तर जगेनात. मासे बदलले की फरक पडे. शोधत शोधत गाडी पीसीबीवर येऊन थांबली. मिंक या रसायनाला विलक्षण हळवा आहे.

रसायनी

मी रंग आणि लेपांच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझी बाजू आधीच सांगून टाकतो.

काकांचा प्रामाणिकपणा आवडला आणि नेमकं तेच मला म्हणायचं आहे. वीण बिघडण्याची पन्नास कारणं असतात. तापमान, उपासमार, रोग, अधिवास जाणं, नात्यातल्या नात्यात प्रजनन. 'वरच्या अंगाला कारखाना आहे' एवढ्यावर निकाल देता येत नाही. बेडूक आणि अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये टायरोन हेझ यांनी दाखवलं की लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम इतक्या कमी मात्रेतही नर बेडकांच्या जननग्रंथी बिघडतात. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने करवून घेतलेल्या प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही. हेझ यांनी २०१० मध्ये पुन्हा लिहिलं की त्यांच्या प्रयोगातल्या नरांपैकी सुमारे १० टक्के माद्या झाले आणि त्यांनी अंडीही घातली. वाद आजही मिटलेला नाही.

मात्रा हेच विष, हे सूत्र विसरून चालणार नाही.

शिंपला

रसायनी, तुम्ही लेपांच्या क्षेत्रातले आहात तर मी गोगलगायींची बाजू मांडते. कारण इथे 'पन्नास कारणं' उरलेली नाहीत. इथे एकच कारण आहे, आणि ते लेपातच होतं.

उत्तर अटलांटिकच्या खडकाळ किनाऱ्यांवर डॉग व्हेल्क नावाची बोटाच्या पेराएवढी शंखाची गोगलगाय असते. १९७० मध्ये स्टीफन ब्लेबर यांनी इंग्लंडच्या प्लिमथच्या किनाऱ्यावर माद्यांमध्ये एक विचित्र गोष्ट नोंदवली. उजव्या शिंगामागे शिश्नासारखा अवयव उगवलेला होता. बंदराच्या जवळ जावं तशा अशा माद्या वाढत. पुढे या प्रकाराला इम्पोसेक्स असं नाव पडलं, म्हणजे मादीच्या अंगावर नराची इंद्रियं लादली जाणं.

कारण निघालं टीबीटी, म्हणजे ट्रायब्युटाइल टिन. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि बार्नॅकल चिकटले की वेग कमी होतो आणि इंधन जास्त लागतं, म्हणून बुडाला लावायच्या रंगात हे विष मिसळत. रंगातून ते हळूहळू पाण्यात झिरपायचं, ती त्याची रचनाच होती. ब्रायन आणि गिब्ज यांनी १९८० च्या दशकात प्लिमथमध्ये याचा पिच्छा पुरवला. लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक अब्जावा भाग, एवढ्यानेच इंद्रियं उगवायला लागतात. प्रमाण आणखी वाढलं की नवी उगवलेली शुक्रवाहिनी मादीच्या अंडी बाहेर पडायच्या वाटेवरच येऊन बसते आणि ती वाट बुजून जाते. अंड्यांच्या कुप्या आत तयार होत राहतात, बाहेर येऊ शकत नाहीत. आतच साठतात, काळ्या पडतात, आणि शेवटी ती मादी मरते.

आता या गोगलगायीचा स्वभाव बघा. बऱ्याच समुद्री जिवांची अळ्यारूप पिल्लं पाण्याबरोबर वाहत दूरवर जातात. डॉग व्हेल्कची नाही. ती खडकाला कुप्या चिकटवते आणि त्यातून सरपटणारी बाळं थेट त्याच खडकावर उतरतात. म्हणून एका खडकावरच्या माद्या बंद पडल्या की बाहेरून कोणी येऊन ती जागा भरत नाही. म्हाताऱ्या गोगलगायी दिसत राहतात, दरवर्षी थोड्या कमी, आणि एका वर्षी तिथे कोणीच नसतं. सागरिकाताईंनी विचारलं ना, कळणार कसं? असं कळतं. सगळी मोठीच दिसतात, लहान एकही नसतं.

मात्रेबद्दल: टीबीटी विषासारखं वागतच नव्हतं. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते गोगलगायीच्या पेशीतल्या आरएक्सआर या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या कुलपावर, नेमकं जाऊन बसतं. कुलपात बसणारी किल्ली किती किलोची आहे याला काय अर्थ?

चष्मेबहाद्दर

गोगलगायीच्या बाजूने इतक्या वेगाने धावून आलेलं माणूस पहिल्यांदा पाहिलं. :) शिंपलाताई, प्रतिसाद जपून ठेवलाय.

एक शंका. गिधाडांचंही असंच झालं ना? डायक्लोफिनॅक?

पशुवैद्यकाका

नाही, ती गोष्ट वेगळी आहे आणि वेगळीच ठेवावी. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी ते खाल्लं, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. ती सरळ मेली. माना टाकलेली गिधाडं झाडांवर दिसत होती म्हणून तर २००४ पर्यंत कारण हाती लागलं. इथे आपण बोलतोय ते मरणाबद्दल नाही, जन्मच न होण्याबद्दल. दोन्हींचा शेवट एकच, पण दुसऱ्यात आपल्याला जाग फार उशिरा येते.

निळाई

रात्री हा धागा वाचत होते, तेवढ्यात लेक शेजारी येऊन बसली. नऊ वर्षांची आहे. तिला पेलिकनची गोष्ट सांगितली.

लॉस एंजेलिसजवळ डीडीटी हे कीटकनाशक बनवणारा एक मोठा कारखाना होता. त्याचं सांडपाणी १९४७ पासून जवळजवळ पंचवीस वर्षं शहराच्या गटारांतून समुद्रात जात होतं. तिथले छोटे मासे तपकिरी पेलिकन खात. १९७० मध्ये अनाकापा बेटावर साडेपाचशेच्या आसपास घरटी झाली आणि त्या सगळ्यांतून मिळून एक पिल्लू वाचलं. एक. अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या वजनानेच ती चेचली जात होती.

लेक बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, त्याला ऊबच द्यायची होती ना?"

मला उत्तर देता आलं नाही.

पानगळ

निळाई... :(

जुनीवही

निळाईताईंच्या पेलिकनला जोडून ससाण्याची गोष्ट सांगतो, कारण पातळ कवचाचा शोध तिथून लागला आणि तो शोध कसा लागला हे ऐकण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की बहिरी ससाणे फार माजलेत, आमची कबुतरं खातात, त्यांना मारायची परवानगी द्या. म्हणून १९६१ मध्ये ससाण्यांची मोजणी सुरू झाली. डेरेक रॅटक्लिफ यांनी मोजले तर ससाणे वाढलेले नव्हतेच, ते झपाट्याने नाहीसे होत होते. घरट्यांत फुटलेली अंडी सापडत होती. काही पक्षी आपलीच अंडी खाताना दिसत.

रॅटक्लिफ यांनी मग जुने अंडीसंग्रह उघडले. एके काळी पक्ष्यांची अंडी जमवायचा छंद जोरात होता. त्यामुळे कित्येक दशकांची अंडी वर्ष आणि ठिकाण लिहून कापूस घातलेल्या खणांत पडून होती. त्यांनी प्रत्येक रिकाम्या कवचाचं वजन केलं आणि त्याला लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागलं. १९४७ च्या सुमारास आकडा एकदम खाली येतो. त्या आधीच्या कवचांपेक्षा नंतरची सुमारे एकपंचमांश हलकी. डीडीटी सगळीकडे वापरात आलं तो काळही हाच. निबंध १९६७ मध्ये आला. पुढच्याच वर्षी हिकी आणि अँडरसन यांनी अमेरिकेतल्या संग्रहांवरून तेच दाखवलं.

शरीरात डीडीटीचं डीडीई होतं आणि पक्ष्याच्या कवचग्रंथीत कॅल्शियम पोहोचवणारी यंत्रणा ते मंदावतं. पक्षी ठणठणीत असतो. अंडं घातलं जातं. फक्त कवच भरत नाही. आणखी एक गोष्ट: कोंबडीवर हा परिणाम जवळजवळ दिसत नाही. सगळ्या चाचण्या कोंबड्यांवरच केल्या असत्या तर प्रयोगशाळेतून 'सुरक्षित' असा शेरा मिळाला असता.

रसायनी

शिंपलाताई, टीबीटीचं सगळं मान्य. मी या क्षेत्रात आलो तेव्हा ते बंद होत आलं होतं, पण जुने सहकारी त्या रंगाची तारीफ करताना ऐकलेत. 'त्यासारखा रंग पुन्हा झाला नाही' असं म्हणत. रंग म्हणून खरोखर उत्तम होता. गोगलगायीच्या आत वाट बुजते हे मात्र तुमच्याकडून आज कळलं.

तरी मात्रेचा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. कुलूप-किल्ली म्हटलं तरी किती कुलपांत किती किल्ल्या बसल्या याला महत्त्व आहेच.

तर्कटी

रसायनी, मात्रेइतकीच किंवा तिच्याहून जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. प्रौढ प्राण्याच्या शरीरात हार्मोन चढ-उतार करतात आणि ते गेले की शरीर जागेवर येतं. गर्भात किंवा अंड्यात मात्र हार्मोन इंद्रियं घडवतात. त्या काही दिवसांत चुकीचा निरोप गेला की घडणच चुकते. मग रसायन निघून गेलं तरी ती चूक आयुष्यभर राहते.

कासवं बघा. लाल कानाच्या स्लायडर कासवात पिल्लू नर की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. थंड राहिली तर नर, उबदार राहिली तर मादी. १९९४ मध्ये टेक्ससमधल्या संशोधकांनी नर व्हायच्या तापमानाला अंडी ठेवली आणि कवचावर पीसीबीचा बारीकसा लेप दिला. त्यातून माद्या निघाल्या. तापमान ओरडून 'नर' सांगतंय आणि रसायन कानात 'मादी' म्हणतंय. ऐकलं गेलं रसायनाचं.

हेच मोकळ्या पाण्यात फ्लोरिडाच्या अपोप्का सरोवरात दिसलं. काठच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून १९८० मध्ये डायकोफॉल आणि डीडीटी सरोवरात सांडलं. पुढच्या काही वर्षांत लहान अ‍ॅलिगेटर मगरींची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घसरली. लुई जिलेट यांच्या गटाला दिसलं की बहुतेक अंडी फुटतच नाहीत. जी पिल्लं निघाली त्यांच्यातल्या नरांचं टेस्टोस्टेरॉन फार कमी आणि शिश्न सरासरी २४ टक्के लहान, तर माद्यांचं इस्ट्रोजेन (मादीचं हार्मोन) जास्त आणि बीजाशयं बिघडलेली. तळ्याच्या पाण्यात तोवर विष मोजावं एवढंही उरलेलं नव्हतं. ते चरबीत आणि अंड्याच्या बलकात जाऊन बसलं होतं.

रसायनी

अपोप्कात शेतांचं पाणी आणि शहराचं सांडपाणीही येत होतं, हे नोंदवून ठेवतो. एकट्या त्या गळतीवर सगळं टाकता येणार नाही. पण वेळेचा मुद्दा पटला. 'मात्रा हेच विष' यात 'कधी' हा शब्द नाही, हे खरं.

उंदीरमामा

नेहमी नुसता वाचतो, आज राहवलं नाही. मी प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करतो. पिंजरे, बाटल्या, भुसा हे माझं काम.

१९९८ मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या बीजांडांवर काम चालू होतं. ज्या उंदरांना काहीही दिलेलं नव्हतं, ज्यांच्याशी तुलना करायची, त्यांच्याच बीजांडांत घोटाळा दिसू लागला. गुणसूत्रं रांगेत नीट उभी न राहण्याचं प्रमाण एरवी एक-दोन टक्के असायचं, ते ४० टक्क्यांवर गेलं. काय बदललं ते काही केल्या सापडेना. शेवटी निघालं की कोणीतरी फरशी पुसायच्या तीव्र अल्कलीच्या द्रावणाने पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या धुतल्या होत्या. त्यामुळे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक झिजलं आणि त्यातून बीपीए हे प्लास्टिक बनवायचं रसायन सुटू लागलं. पुढे त्यांनी मुद्दाम बीपीए देऊन पाहिलं आणि तोच परिणाम आला. २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गंमत नाही, दुःख म्हणावं असं पुढचं आहे. पिंजरे बदलून दुसऱ्या प्लास्टिकचे घेतले आणि वीस वर्षांनी तसाच घोटाळा पुन्हा झाला. या वेळी बीपीएचा भाऊबंद बीपीएस होता.

हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या मांडणीवरच्या बाटल्या उजेडात धरून बघितल्या. निम्म्या पांढुरक्या, धुरकट झालेल्या. मी स्वतः धुतलेल्या. कित्येक वर्षं कित्येक मादी उंदरांनी ते पाणी प्यायलं असेल. आता आमच्याकडे काचेच्या बाटल्या आहेत. पण एक बदल होऊन भागत नाही. बाटली धुरकट दिसली की अजून पोटात गोळा येतो.

शिंपला

मामा, लिहिते राहा. असे अनुभव कुठल्याही निबंधात मिळत नाहीत.

प्लास्टिक कोणाच्या लक्षात नसताना मध्येच टपकतं, याचं याआधीचं एक उदाहरण आहे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोननशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळालं की वाढतात. एक दिवस इस्ट्रोजेन न घालताही वाढू लागल्या. शोध घेतला तर नव्या प्लास्टिकच्या परीक्षानळ्यांतून नॉनिलफिनॉल सुटत होतं. हा निबंध १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच नॉनिलफिनॉल औद्योगिक साबणांच्या विघटनातून नद्यांत जातं. आता रसायनींनी माशांवर लिहावं, त्यांना नक्की माहीत असणार.

रसायनी

हुकूम शिरसावंद्य. :)

ब्रिटनमध्ये मैलापाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांत गळ टाकणाऱ्यांना नर-मादी दोन्ही लक्षणं असलेले रोच मासे मिळाले होते. जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी शुद्धीकरण केंद्रांच्या तोंडाशी पिंजऱ्यात ट्राउट ठेवले. काही आठवड्यांत नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन प्रचंड वाढलं. हे बलकाचं प्रथिन. ते फक्त मादीला लागतं, नराला त्याचा काही उपयोग नाही. १९९८ मध्ये सुझन जॉब्लिंग यांनी दाखवलं की नद्यांमधल्या रानटी रोच नरांच्या वृषणांत अंडपेशी सापडतात, काही ठिकाणी तर तपासलेल्या प्रत्येक नरात.

दोष कोणाचा? लोकर धुण्याच्या गिरण्या असलेल्या एअर नदीत नॉनिलफिनॉलचा, म्हणजे उद्योगाचा. पण बऱ्याच नद्यांत मुख्य वाटा माणसांच्याच शरीरातून जाणाऱ्या इस्ट्रोजेनचा आणि गर्भनिरोधक गोळीतल्या इथिनिल इस्ट्राडायॉलचा निघाला. हे मी उद्योगाला वाचवायला सांगत नाही. चुकीच्या नळाला बूच मारून पाणी थांबत नाही, म्हणून सांगतो.

सागरिकाताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही माशांकडे आहे. कॅनडात संशोधनासाठी राखलेली सरोवरं आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या सरोवरात कॅरन किड यांच्या गटाने २००१ ते २००३ अशी तीन वर्षं तेच इथिनिल इस्ट्राडायॉल लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम राहील इतकं सोडलं. फॅटहेड मिनो हा छोटा मासा जवळजवळ नाहीसा झाला. त्याचं आयुष्य दोन-चार वर्षांचं, त्यामुळे एक-दोन हंगामांची पिल्लं गेली की सगळं संपतं. त्याच्यावर जगणारा लेक ट्राउटही घटला, रसायनाने नाही, उपासमारीने. सोडणं थांबवल्यावर मात्र काही वर्षांत मिनो परत आले.

चष्मेबहाद्दर

म्हणजे आयुष्य छोटं असेल तर लवकर बुडतो आणि लवकर वर येतो. आणि ओर्का?

पानगळ

त्याआधी एक सुचलंय ते लिहिते. सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. मिंकचं कळलं कारण फार्मवाल्यांचं नुकसान झालं. ससाण्यांचं कळलं कारण कबुतरवाल्यांनी तक्रार केली. उंदरांचं कळलं कारण प्रयोग फसला. माशांचं गळ टाकणाऱ्यांमुळे. ज्याच्या पिल्लांवर कोणाचाच हिशोब अवलंबून नाही त्याचं काय होत असेल?

शिंपला

पानगळ, अगदी मर्मावर बोट ठेवलंस. टीबीटीवर पहिली बंदीसुद्धा गोगलगायीसाठी आली नाही. फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवांची शेती होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीला तिथे कालवांची अळीरूप पिल्लं जगेनात आणि मोठ्यांची कवचं बेढब जाड होऊ लागली. शेती बसली. म्हणून १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर टीबीटीचा रंग लावायला बंदी केली. ब्रिटनने १९८७ मध्ये केली. मोठ्या जहाजांसाठी जागतिक करार २००१ मध्ये झाला आणि लागू झाला २००८ मध्ये. ब्लेबर यांनी प्लिमथमध्ये पहिली मादी पाहिली त्याला तोवर अडतीस वर्षं झाली होती.

पण बंदी लागू पडली. नॉर्वेच्या किनाऱ्यावर दरवर्षी डॉग व्हेल्क तपासतात. तिथे इम्पोसेक्स आता जवळजवळ नाहीसा झालाय. ज्या खडकांवर निदान थोड्या माद्या तगल्या होत्या तिथे पुन्हा कुप्या दिसतात. पिवळसर, तांदळाच्या दाण्यासारख्या, फटींमध्ये दाटीवाटीने उभ्या.

जुनीवही

पक्ष्यांचंही तसंच. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटी बंद झालं. १९६३ मध्ये अलास्का सोडून बाकी मुख्य भूमीवर बाल्ड ईगलच्या ४१७ जोड्या मोजल्या होत्या. २००७ मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला तेव्हा नऊ हजारांहून जास्त होत्या.

सागरिका

सगळ्यांचे मनापासून आभार. मी तीन प्रश्न विचारले आणि तीस गोष्टी मिळाल्या. आता ओर्कावर परत येते. चष्मेबहाद्दरांनी विचारलंय आणि मीही गेले चार दिवस तेच वाचतेय.

आधी बरी बातमी. बाल्टिक समुद्रातल्या करड्या आणि वलयांकित सीलच्या माद्यांत १९७० च्या दशकात गर्भाशयाच्या नळ्या आक्रसून बुजलेल्या सापडत होत्या. शरीरात पीसीबी भरपूर. (शिंपलाताईंची गोगलगाय वाचताना मला याच आठवत होत्या.) पीसीबी बंद झालं, शिकार थांबली, आणि करडे सील काही हजारांवरून आता तीस हजारांच्या पुढे गेलेत. म्हणजे सस्तन प्राणीही सावरू शकतात.

पण ओर्काची अडचण तिच्या आईपणातच आहे. पीसीबी चरबीत साठतं आणि बाहेर पडायला जवळजवळ वाटच नसते. नराला तर नसतेच. मादीला मुख्य वाट असते ती दुधाची. ओर्काचं दूध चरबीने घट्ट असतं. पहिल्या पिल्लाला पाजताना आईच्या साठ्यातला मोठा भाग त्याच्यात उतरतो. म्हणून पिल्लं झालेल्या माद्यांत पीसीबी कमी सापडतं, आणि पहिलटकरणीचं पिल्लू पुष्कळदा जगत नाही. लुलूला पिल्लूच झालं नाही. त्यामुळे तिचं विष तिच्यातच राहिलं आणि वाढत गेलं, आणि वाढत गेलं म्हणून पिल्लू होण्याची शक्यता आणखी कमी झाली असणार. हे कळलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून ठेवला.

जगात मिळून सुमारे १३ लाख टन पीसीबी बनलं. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, इमारतींच्या सांध्यांत भरायचं लुकण, रंग. अमेरिकेने १९७९ मध्ये बंदी केली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने जगभर केली आणि उरलेल्या साठ्यांची नीट विल्हेवाट लावायला २०२८ ची मुदत दिली. २०१८ मधल्या एका अभ्यासाने हिशोब मांडला की जगातल्या निम्म्याहून अधिक ओर्का-समूहांना पीसीबीमुळे धोका आहे. ते कारखाने बंद होऊन चाळीस वर्षं झालीत.

रसायनी, एक विचारू? जुन्या इमारती पाडताना ते लुकण वेगळं काढतात का?

रसायनी

काढायला हवं. सांध्यातलं लुकण आणि त्याला चिकटलेला काँक्रीटचा काठ, दोन्ही वेगळे काढून खूप उच्च तापमानाला जाळावे लागतात. ११०० अंशांच्या वर. कमी तापमानाला जाळलं तर फ्युरान आणि डायॉक्सिन तयार होतात, ती पीसीबीहून वाईट. खर्चिक काम आहे, आणि राडारोड्यात लुकण ओळखू येत नाही, म्हणून बहुतेकदा सगळं एकत्रच जातं. त्यावरून पाऊस वाहतो, नदीला मिळतो, आणि मग समुद्र.

आमच्या कामात नवा लेप आला की आम्ही माशांवर मरणाची चाचणी करतो. ९६ तासांत निम्मे मासे किती मात्रेला मरतात ती. गेल्या चार दिवसांत मी आमच्या तीन उत्पादनांच्या फायली काढल्या. वीणीची चाचणी एकातच आहे. बाकी दोन्हींसाठी मागणी लिहून ठेवलीय, उद्या देणार आहे.

पशुवैद्यकाका

रसायनी, द्या. मी दिलं नव्हतं.

निळाई

सागरिकाताई, लेकीचा प्रश्न आहे. लुलूच्या कळपात आता कोण कोण आहे?

सागरिका

तिला सांग, गेल्या काही वर्षांत दोघेच दिसतात. जॉन को आणि अ‍ॅक्वेरियस. जॉन कोच्या पाठीवरच्या पराला तळाशी मोठी खाच आहे, त्यावरून तो लांबूनही ओळखू येतो. २०२१ च्या मे महिन्यात ते दोघे पार दक्षिणेला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापर्यंत पोहत गेले होते. त्या कळपावर लक्ष ठेवायला लागल्यापासून त्यात एकही पिल्लू कोणी पाहिलेलं नाही.

दोघेही नर आहेत.